आठवण पुसून टाकायची गोळी मिळते का?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा 28 वर्षांचा, घर सोलापुरात, नोकरी पुण्यात. चार वर्षांचं प्रेम. ओळख गड्ड्यावर, म्हणजे संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या जत्रेत झाली, होम मैदानात पाळण्याच्या रांगेत. तिचीही नोकरी पुण्यातच, त्यामुळे ओळख वाढली ती हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये, सुट्टीला येता-जाता. तिच्या घरून नकार आला. काही महिने दोघं अडून राहिले, आणि मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिनंच 'आता थांबू या' म्हटलं. मे महिन्यात तिचं लग्न झालं. मध्यंतरी मित्राच्या खोलीवर त्यानं 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' हा सिनेमा पाहिला, एका आठवड्यात तीनदा पाहिला. आता तो विचारतो: "असं खरंच करता येतं का? एखादी गोळी, इंजेक्शन? शॉक देतात त्यात आठवणी जातात म्हणे. फोटो, चॅट सगळं डिलीट करू का? मी तिला ब्लॉक केलंय, पण रात्री मित्राच्या अकाउंटवरून तिचे लग्नाचे फोटो बघत बसतो. गड्डा जवळ आला की पोटात गोळा येतो. मागच्या वर्षी मिरवणुकीतल्या नंदीध्वजांच्या काठ्यांबरोबर चाललो नाही. बाबांना ताप आलाय म्हणून सांगितलं."

मी गेली 24 वर्षं सोलापुरात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. सरळ उत्तर आधी देते: नाही. एकाच माणसाच्या आठवणी तेवढ्या वेचून काढणारी गोळी नाही, इंजेक्शन नाही, यंत्र नाही. सोलापुरात नाही, पुण्या-मुंबईत नाही, परदेशातही नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर तिथून उठून या. पण एवढ्यावर थांबले तर तुमच्या प्रश्नातली खरी काळजीची गोष्ट तशीच राहील. ती तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे: मागच्या वर्षी तुम्ही काठ्यांबरोबर चालला नाहीत. माझ्या दृष्टीनं तुमचा आजार असलाच तर तो त्या ओळीत आहे.

आधी सिनेमा, कारण तुमचा प्रश्न तिथून निघालाय आणि वाचणाऱ्या सगळ्यांनी तो पाहिलेला नसेल. 2004 सालचा हा सिनेमा. दिग्दर्शक मिशेल गोंद्री, लेखक चार्ली कॉफमन. पटकथेला ऑस्कर मिळालं. जोएल आणि क्लेमंटाइन यांचं प्रेम तुटतं. ती एका दवाखान्यात जाऊन त्याला आपल्या डोक्यातून पुसून घेते. त्याला हे कळतं आणि दुखावून तोही तिथंच जातो. डॉक्टर सांगतात, तिच्याशी संबंध असलेली घरातली प्रत्येक वस्तू घेऊन या. एकेक वस्तू त्याच्यापुढे ठेवतात, मेंदूत कुठं हालचाल होते ते टिपतात, नकाशा तयार होतो, आणि रात्री तो घरी झोपलेला असताना माणसं येऊन त्या जागा एकेक करून पुसत जातात. सगळ्यात ताजी आठवण आधी, सगळ्यात जुनी शेवटी. त्यामुळे आधी भांडणं जातात, मग अबोला जातो, आणि जसजसं मागं जावं तसतसं गोड निघायला लागतं. जोएलला झोपेतच कळतं की हे थांबवायला हवं. थांबवता येत नाही.

हा क्रम ज्यानं लिहिला त्याला माणूस कळलेला आहे. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्यांचंही असंच असतं. पहिल्या भेटीत फक्त शेवटचे चार महिने बोलले जातात: कोण काय म्हणालं, फोन का उचलला नाही, कुणाच्या मावशीनं काय कान भरले. तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत जरा थांबलं की खालचं निघायला लागतं, आणि मग माणूस म्हणतो, "मॅडम, हे मी विसरलोच होतो." ज्या आठवणी पुसून द्या म्हणून तो आलेला असतो, त्यातल्या अर्ध्या त्यानं अजून नीट पाहिलेल्याच नसतात.

आता गोळी. तुम्ही विचारलंत ते अगदीच हवेतलं नाही. पूर्वी असं मानत की आठवण एकदा पक्की झाली की झाली, सिमेंट वाळावं तशी. 2000 साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. एक आवाज आणि त्याबरोबर पायाला विजेचा झटका, असं शिकवल्यावर उंदीर नुसत्या आवाजानंही थिजून बसायचे. मग त्यांना तो आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डला नावाच्या, भीतीशी निगडित भागात असं औषध सोडलं, जे नवीन प्रथिनं बनू देत नाही. दुसऱ्या दिवशी भीती जवळपास गायब. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं तर मात्र काहीच फरक नाही. म्हणजे आठवण बाहेर काढली की ती काही तास मऊ होते आणि पुन्हा घट्ट व्हावी लागते. ती मऊ असताना तिच्यात बदल करता येतो.

हे माणसात होतं का, हे ॲमस्टरडॅममध्ये मेरेल किंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं. 2009 साली त्यांचे निष्कर्ष आले. कोळ्याचं चित्र दाखवायचं आणि हाताला हलका झटका द्यायचा. दुसऱ्या दिवशी प्रोप्रॅनोलॉल देऊन ती आठवण जागी करायची. हे औषध हृदयासाठी आणि रक्तदाबासाठी कित्येक वर्षं वापरात आहे. तिसऱ्या दिवशी ती माणसं त्या चित्राला दचकेनाशी झाली. पण यातला पुढचा भाग सावकाश वाचा. त्यांना चित्र आठवत होतं. चित्रानंतर झटका बसतो, हेही त्यांना पक्कं माहीत होतं. आठवण गेली नव्हती, चटका गेला होता.

पुढं इतर प्रयोगशाळांनी हेच करून पाहिलं तेव्हा काहींना जमलं, काहींना नाही. त्यामुळे प्रेमभंगावरचं औषध म्हणून प्रोप्रॅनोलॉल कुणी लिहून देत नाही, मीही देत नाही. ते मी हातांच्या कंपासाठी, छातीतल्या धडधडीसाठी, कधी अर्धशिशीसाठी देते, आणि त्याआधी दम्याचा त्रास आहे का, नाडी किती पडते हे तपासते. दमा असलेल्यानं ते मनानं घेतलं तर श्वास अडकू शकतो. हे वाचून मेडिकलमध्ये जाऊन कुणी ती गोळी मागू नये, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

शॉकचंही सांगते, कारण आपल्याकडे हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. विजेची उपचारपद्धती तीव्र नैराश्यासाठी असते. माणूस खात-पीत नाही, जीव द्यायच्या गोष्टी करतो, औषधं काम करत नाहीत, अशा वेळी ती जीव वाचवते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ती भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय द्यायला बंदी आहे. उपचार चालू असतानाच्या काळातल्या आणि त्याच्या थोड्या आधीच्या काही आठवणी पुसट होऊ शकतात, हे खरं. पण कुठल्या, ते निवडता येत नाही. हुतात्मा एक्स्प्रेसमधल्या सीटवरची मुलगी तेवढी काढा आणि बाकी सगळं ठेवा, असं त्यात नसतं.

मग मनानंच ठरवून विसरायचं, हा मार्ग उरतो. लहानपणी आजीकडून ऐकलेली गोष्ट आठवा: वैद्य औषध देतो आणि सांगतो, घेताना माकड तेवढं मनात आणू नका. डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये माकडाच्या जागी पांढरं अस्वल घेऊन हेच प्रयोगानं दाखवलं. पाच मिनिटं अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर, आधी दाबून धरणाऱ्यांच्या मनात अस्वल जास्तच आलं. तुम्ही वर्षभर हेच करत आहात. रात्री दमून जाता ते तिच्या आठवणीनं कमी आणि ती आठवण दारात अडवून धरण्यानं जास्त.

आता त्या काठ्यांच्या ओळीकडे येते.

सिनेमात एक बारीक गोष्ट आहे, तुमच्या तिन्ही वेळा नजरेतून सुटली असेल. जोएल आणि क्लेमंटाइन जेव्हा अगदी पहिल्यांदा भेटले होते तेव्हा तिच्या नावावरून हकलबेरी हाउंड या कार्टूनमधल्या कुत्र्याचा विषय निघतो, आणि तो म्हणतो, लहानपणी त्याचं बाहुलं ही माझी सगळ्यात आवडती वस्तू होती. पुसून झाल्यानंतर ते अनोळखी होऊन पुन्हा भेटतात. ती तोच विषय काढते, आणि त्याला हकलबेरी हाउंड कोण हेच माहीत नसतं. पुसणाऱ्यांनी तिला काढलं, तिच्या नावाला चिकटून त्याचं बालपणातलं बाहुलंही गेलं. ते बाहुलं तिचं नव्हतं. ती यायच्या कितीतरी आधीपासून ते त्याचं होतं.

तुमची बाराबंदी, मिरवणुकीत घालायचा तो पांढरा अंगरखा, तुमची आहे. पहिल्यांदा घातली तेव्हा तुम्ही पाच-सहा वर्षांचे असाल, वडिलांच्या खांद्यावर. हिरेहब्बू वाड्यापासून निघालेले सात नंदीध्वज, रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं, संमती कट्ट्यावर अक्षता पडताना उठणारा तो आवाज, हे सगळं त्या मुलीच्या कितीतरी वर्षं आधीचं आहे. ती तुम्हाला शेजारच्या होम मैदानावर भेटली, एवढाच संबंध. पण एका वर्षात तुम्ही तिच्यासोबत गड्डाही सोडलात, काठ्याही सोडल्यात आणि वडिलांशी खोटं बोललात. मला खात्री आहे की हुतात्मा सोडून तुम्ही आता दुसऱ्या गाडीनं किंवा ट्रॅव्हल्सनं येत असाल, आणि सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं न जाता लांबचा रस्ता घेत असाल. पुसायचं यंत्र जगात नाही, पण टाळण्याच्या रूपानं ते तुम्ही घरच्या घरी चालू केलं आहे. त्यात ती जात नाही. तुमचं सोलापूर एकेक चौकानं कमी होत चाललंय.

माझी एक चूक सांगते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांतली आहे. ओळख पटेल असे सगळे तपशील बदललेत. एक मुलगी आली होती. घरच्यांनी दुसरीकडे लग्न ठरवलं होतं, आणि तिच्याकडे आधीच्या मुलाच्या पत्रांचा गठ्ठा होता. रोज रात्री काढून वाचायची आणि रडायची. मी म्हटलं, जाळून टाक, मोकळी होशील. तिनं जाळला. पुढं नऊ-दहा वर्षांनी ती परत आली. त्या मुलासाठी नव्हे, तो विषय कधीच मागं पडला होता. सासरी तिला कुणी माणसात धरत नव्हतं. ती मला म्हणाली, "मॅडम, माझ्याशी एके काळी कुणीतरी इतकं चांगलं बोलत होतं, हे खरंच झालं होतं का मीच मनानं रचलंय, ते आता मलाच कळंना झालंय. पत्रं असती तर बघितलं असतं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला मी जो सल्ला दिला होता तो कुठल्या अभ्यासातून आलेला नव्हता; ऐकायला धीट वाटतो म्हणून दिला होता. त्या दिवसानंतर मी कुणालाही जाळ, फाड, डिलीट कर असं सांगितलेलं नाही.

तेव्हा तुमच्या डिलीटच्या प्रश्नाला उत्तर: करू नका. पण हातापाशीही ठेवू नका. फोटो आणि चॅट एका पेनड्राइव्हवर टाका, तिकिटं, भेटकार्डं, जे काही असेल ते त्याच्यासोबत एका डब्यात घाला, आणि डबा चुलत भावाकडे किंवा विश्वासाच्या मित्राकडे द्या. दोन वर्षं मागायचा नाही, असं त्याला सांगून ठेवा. फोनमधून काढणं आणि जगातून काढणं यात फरक आहे. पहिलं झोपेसाठी चांगलं, दुसऱ्याचा निर्णय आज घ्यायची गरज नाही. दोन वर्षांनी तुम्ही कदाचित डबा उघडणारही नाही.

मित्राच्या अकाउंटवरून लग्नाचे फोटो बघण्याचं मात्र आजपासून बंद. इथं मी कडक आहे. त्या फोटोंमध्ये तुमची एकही आठवण नाही. तुम्ही तिथं नव्हता. रोज रात्री तुम्ही जुनी आठवण काढत नाही, तर एक नवी, दुखरी आठवण बनवून जुन्यांच्या शेजारी ठेवता आणि मग म्हणता की आठवणी संपत का नाहीत. जखम भरत नाही कारण तिला दर रात्री नवीन बातमी मिळते. मित्राला सांगा, पासवर्ड बदल आणि मला देऊ नकोस. संकोच वाटेल, पण एकदाच वाटेल.

समजा, सगळं पुसून मिळालंच असतं, तरी काय झालं असतं? 1911 साली जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद यांनी एका रुग्ण बाईची हकिकत लिहिली. तिला नवीन काहीच लक्षात राहत नसे, डॉक्टरांना रोज नव्यानं भेटायची. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. पुढच्या खेपेला तिला ना टाचणी आठवत होती, ना डॉक्टर. पण त्यांनी हात पुढं केला तसा तिनं आपला हात मागं घेतला. का, ते तिला सांगता आलं नाही. प्रसंग विसरला तरी हात विसरला नव्हता. जोएलही सगळं पुसून झाल्यावर सकाळी कामावर जाणारी गाडी सोडून कारण ठाऊक नसताना मॉन्टॉकच्या समुद्रकिनाऱ्याची गाडी पकडतो. दवाखान्यात काम करणाऱ्या मेरीचं त्याहून वाईट होतं. ती आपल्या डॉक्टरांच्या प्रेमात पडते आणि मग तिला कळतं की हे पूर्वीही झालं होतं, तिनं ते पुसून घेतलं होतं, आणि आता ती त्याच पायरीवर पुन्हा उभी आहे. आठवण गेली, ओढ गेली नाही. आणि आठवण नसल्यामुळे सावध करायलाही कुणी उरलं नाही. मेरी मग सगळ्या रुग्णांच्या फायली आणि टेपा त्यांना पोस्टानं परत पाठवते. मला त्या सिनेमात सगळ्यात जवळची तीच वाटते.

या सिनेमाचं नाव ज्या कवितेतून घेतलंय ती अलेक्झांडर पोप यांची, 1717 मधली. तिच्यातली एलोइझा मठात राहते आणि आबेलार्ड तिच्या मनातून जात नाही. जिनं कधी प्रेमच केलं नाही अशा जोगिणीचं मन निर्मळ असतं, तिला बरं, असं ती म्हणते. म्हणजे ते डागाविना मन तिला मिळालेलं नाही, तिला त्याचा हेवा वाटतोय. ही दोघं खरीखुरी माणसं, फ्रान्समधली, बाराव्या शतकातली.

बाराव्या शतकातच इथं सोन्नलगीत, म्हणजे जुन्या सोलापुरात, सिद्धरामेश्वर होते, आणि त्यांच्याशी लग्न करायचं म्हणून हट्ट धरणारी कुंभारकन्या होती, असं आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. ते योगी, लग्न करणार नव्हते. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. तीच अक्षता आपण दर संक्रांतीच्या वेळी टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून होम होतो, कारण लग्नानंतर ती अग्नीत गेली असं सांगतात. त्या होमाचा अर्थ मी बाई म्हणून आणि डॉक्टर म्हणून आदर्श मानत नाही. प्रेमात अग्नी जवळ करू नये, हे मी माझ्या खोलीत कित्येक मुलींना हात धरून सांगितलंय. पण त्या गोष्टीचं या गावानं जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. पूर्ण न झालेलं एक प्रेम आठ-नऊशे वर्षं गावानं पुसलं नाही. त्याला दिवस दिला, जागा दिली, सोबत चालायला माणसं दिली. वर्षभर कुणी त्यासाठी रडत बसत नाही, आणि त्या दिवशी कुणी ते टाळतही नाही.

उपचारात आम्ही साधारण हेच करतो. आठवणीला वेळ ठरवून देतो. संध्याकाळी साडेसहा ते सात, खुर्चीत बसून, वहीत लिहायचं. पलंगावर पडून नाही आणि फोन हातात घेऊन नाही. दिवसभरात ती आली तर हाकलायचं नाही, 'साडेसहाला ये' म्हणायचं. पहिले आठ दिवस हसू येईल, मग जमायला लागतं. लिहिताना सुरुवातीपासून शेवटापर्यंत लिहा, पाळण्याच्या रांगेपासून 'आता थांबू या'पर्यंत. तुमचं चुकलं तेही, तिचं चुकलं तेही. मन एकतर सगळं गोड ठेवतं नाहीतर सगळं कडू. पूर्ण गोष्ट एकदा लिहून झाली की तिला शेवट आहे, हे डोळ्यांना दिसतं.

आणि टाळलेल्या जागी परत जायचं. पाव्हलॉव्ह यांचं कुत्रं घंटेनं लाळ गाळायचं हे सगळ्यांना माहीत आहे. त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. खाणं न देता घंटा वाजवत राहिलं की लाळ थांबायची, पण मध्ये काही काळ गेला की पुन्हा यायची. म्हणजे जुनं शिकणं पुसलेलं नव्हतं, त्यावर नवं शिकणं चढलं होतं. म्हणून एकदा गड्ड्यावर जाऊन आलात आणि बरं वाटलं, तर 'झालं' म्हणू नका, आणि नंतर कधी कुर्डुवाडीला गाडी थांबल्यावर अचानक रडू आलं तर 'सगळं फुकट गेलं' असंही म्हणू नका. दोन्ही त्या नियमात बसतं. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या माणसांबरोबर जावं लागतं.

हे सगळं मी तुमचा त्रास साध्या प्रेमभंगाचा आहे असं धरून लिहिलंय. त्या नात्यात मारहाण, धमक्या, जबरदस्ती असं काही असेल, तुमच्या बाबतीत किंवा वाचणाऱ्या कुणाच्याही, तर एकट्यानं वही घेऊन बसू नका आणि त्या जागी परत जाऊ नका. तसल्या आठवणींसाठी वेगळे, नीट तपासलेले मानसोपचार आहेत. आघातावर केंद्रित समुपदेशन आहे, डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ईएमडीआर पद्धत आहे. तिथंही आठवण जात नाही. माणूस ती सांगताना थरथरायचा थांबतो. तसंच, दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप-भूक गेलेली असेल, कामावर लक्ष लागत नसेल, झोपेसाठी रोज दारू लागत असेल, किंवा जगून काय करायचं असं मनात येत असेल, तर जवळच्या मनोविकारतज्ज्ञाला भेटा. रात्री-अपरात्री तसं वाटलं तर 14416 हा सरकारच्या टेलिमानसचा नंबर आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. वाट बघू नका.

तुमच्यापुरतं बोलायचं तर संक्रांतीला अजून तीन आठवडे आहेत. या शनिवारी हुतात्मानंच या, मित्राला सोबत घ्या, आणि खिडकीची जागा तुम्ही घ्या. पुढच्या रविवारी दुपारी, गर्दी नसताना, तलावाच्या कडेनं एक फेरी मारा. धडधडलं तर बसा, पण धडधड उतरायच्या आत निघून येऊ नका. साधारण वीस-तीस मिनिटांत ती उतरते. गड्ड्यावर पहिल्या खेपेला भाचरं-पुतणी घेऊन जा, त्यांना पाळण्यात बसवा, तुम्ही खाली उभे राहा. रांग तीच असेल. तुम्हाला ती दिसेल, कदाचित कुणाच्या तरी पाठमोऱ्या आकृतीत. दिसू द्या. पोरं वरून हाका मारतील तिकडं बघा.

आणि त्याआधी एक रात्र घरी वडिलांजवळ बसा. मागच्या वर्षी ताप नव्हता, एवढं सांगा. का नव्हता, ते सांगायचं की नाही ते तेव्हा बघा. बहुतेक वडिलांना अर्धं माहीत असतं. तुमची बाराबंदी कुठल्या कपाटात आहे, ते आईला विचारून काढून ठेवा आणि या आठवड्यात इस्त्रीला टाका. संक्रांत जवळ आली की इस्त्रीवाले वेळेवर देत नाहीत.